उसना दिवस

रस्त्याकडेच्या हायमास्ट दिव्याखाली ज्याचं वावर येतं, त्याचं सोयाबीन तेवढ्या गोलात वेगळंच वागतं. बाकीच्या शेतात शेंगा भरतात, पानं पिवळी पडून गळतात, दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी सुरू होते. दिव्याखालचा गोल मात्र हिरवागार, माजलेला, कमरेला लागणारा, आणि शेंगांच्या नावानं बोंब. सोंगणीच्या बाया तेवढा तुकडा सोडून पुढं जातात. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात, आमच्या गोरेगावात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवा त्याला झोपू देत नाही, मग ते पिकणार कसं, असं म्हणून माणसं विषय संपवतात.

१९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी नेमकं हेच कागदावर आणलं, आणि तेही तंबाखू आणि सोयाबीनवरच. सोयाबीन त्यांनी थोड्याथोड्या दिवसांच्या अंतरानं पेरलं, तरी सगळं जवळपास एकाच वेळी फुलोऱ्यावर आलं. झाड स्वतःचं वय मोजत नव्हतं, दिवसाची लांबी मोजत होतं. पुढं असंही कळलं की ते मोजतं ती खरं तर रात्र. सलग, मधे कुठं न तुटलेला अंधार. त्या अंधारात कोणी मिणमिणता दिवा लावला तरी झाडाचा हिशेब चुकतो.

हा हिशेब मी माझ्या ओसरीत दरवर्षी मुद्दाम चुकवतो. कोजागरी झाली की आढ्याच्या खिळ्याला वायर अडकवून एक साधा नऊ वॅटचा एलईडी बल्ब कुंड्यांवर सोडतो. दिवस मावळायच्या आधी तो लागतो आणि रात्री दहाला विझतो. त्याच्या उजेडात धड पेपर वाचता येत नाही, पण खालच्या झाडांना तेवढ्यानं वाटतं की दिवस अजून चालूच आहे. ही झाडं बेगोनियाची.

बेगोनिया म्हटलं की आपल्याकडं बहुतेकांना पानं आठवतात. चंदेरी-जांभळ्या पट्ट्यांचं रेक्स बेगोनिया कोणत्याही शहराच्या रोपवाटिकेत मिळतं. पानांवर पांढरे ठिपके असलेलं उंच देठांचं बेगोनिया कोकणातल्या पडव्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि मेणासारख्या चकचकीत पानांचं, बारक्या फुलांचं एक असतं, ते तर सरकारी बंगल्यांच्या वाफ्यांतही दिसतं. मी म्हणतो ते यांच्या कुळातलं, पण वेगळं. ते कंदातून येतं आणि त्याचं फूल तळहात पसरला तरी बाहेर उरतं. पाकळीवर पाकळी, मधे जागाच नाही. शेंदरी, केशरी, पिवळं, गुलाबी, पांढरं, आणि काठाला वेगळा रंग असलेलंही. निळं तेवढं नाही. वास बहुतेकांना नाही. देवाला चालतं की नाही हे कोणाला ठाऊक नाही, कारण कोणत्याही पोथीत त्याचा उल्लेख असायचं कारण नाही.

ते मूळचं अँडीज पर्वताचं, पेरू आणि बोलिव्हियाच्या बाजूचं. म्हणजे बटाट्याचा गाववाला. व्हीच नावाच्या इंग्रज रोपवाटिकेनं रिचर्ड पिअर्स या माणसाला नवी झाडं हुडकायला तिकडं धाडलं होतं. १८६०च्या दशकात त्यानं बोलिव्हियातून लाल, लोंबत्या, साध्याच पाकळ्यांच्या बेगोनियाची एक जात पाठवली, आणि १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली. पिवळ्या फुलाची जी जात त्यानं आणली, तिला त्याचंच नाव मिळालं. आजच्या मोठ्या बेगोनियांमध्ये जो पिवळेपणा आहे, तो तिच्याकडून आलेला. कुस्कोजवळच्या साडेतीन हजार मीटरहून उंच डोंगरातूनही एक जात आली. पिअर्स १८६८ साली पनामात वारला. व्हीचकडच्याच जॉन सीडननं केलेला पहिला कंदाचा संकर १८७० साली बाजारात आला. ज्याच्या पायपिटीवर हे सगळं उभं राहिलं, त्यानं त्यातलं एकही मोठं फूल पाहिलं नाही. ‘बेगोनिया’ हे कुळाचं नाव तर मिशेल बेगों या फ्रेंच अधिकाऱ्याचं. वसाहतींचा कारभार बघायचा आणि वनस्पतींचा नाद असलेल्यांना आश्रय द्यायचा, एवढीच त्याची पुण्याई. फुलांच्या जगातही नावं अशीच लागतात.

मला या सगळ्यात सर्वांत मोठा धक्का नकाशानं दिला. ला पाझ विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेसोळा अंशांवर, हिंगोली उत्तरेला पावणेवीस अंशांवर. सूर्यानं दोघांना जवळजवळ एकाच मापानं मोजून दिलं आहे. आमच्याकडं जूनमध्ये मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, त्यांच्याकडं डिसेंबरात तेराच्या आसपासचा. तिकडंही मोठे दिवस म्हणजे पावसाचे आणि लहान दिवस म्हणजे कोरडे. म्हणजे पंचांग तेच, फक्त सहा महिने पुढंमागं. पावसाबरोबर कोंब काढायचा, ओल आहे तोवर फुलून घ्यायचं, दिवस आखडायला लागले की पानं टाकून कंदात शिरायचं. आमची हळद दुसरं काय करते? परका म्हणून ज्याला आणला, तो आपल्याच चालीरीतींचा निघाला.

फरक आहे तो उंचीचा. ला पाझ ३,६०० मीटरवर, आमचं गाव पाचशेच्या आतबाहेर. त्या डोंगरात मोठा दिवस आणि गारवा एकत्र नांदतात, आमच्याकडं त्यांची गाठच पडत नाही. मे महिन्यात दिवस मोठा, पण पारा चाळिशीच्या वर; कळी धरली तरी गळून पडेल. पाऊस लागला तरी रात्री उबदार आणि कोंदट. डिसेंबरात मात्र पहाट दहा-बारा अंशांवर उतरते, दुपार तिशीच्या अलीकडंच थांबते, बेगोनियाला याहून सुखाचं हवामान कोणी देऊ शकणार नाही. पण तेव्हा दिवस अकरा तासांवर आलेला असतो, आणि असा आखूड दिवस पाहिला की बेगोनिया वाढ आवरतं आणि कंद फुगवायच्या मागं लागतं. थंडी असते तेव्हा दिवस नसतो, दिवस असतो तेव्हा थंडी नसते. थंडी आपल्याला करता येत नाही. दिवस करता येतो, नऊ वॅटमध्ये. थंडी घरची, दिवस उसना, असा हा प्रपंच आहे.

असा प्रपंच मी एकटाच करतो असंही नाही. उत्तर कोरियात किम जोंग इलच्या नावाचं एक फूल आहे, किमजोंगिलिया. ते याच जातीचं लालभडक बेगोनिया. कामो मोतोतेरू या जपानी बागवानानं ते १९८८ साली भेट म्हणून दिलं. नेत्याचा वाढदिवस १६ फेब्रुवारीला, म्हणजे कडाक्याच्या हिवाळ्यात, आणि फूल त्या दिवशी फुललेलं असलंच पाहिजे. त्यांच्याकडं दिवसही उसना आणि ऊबही उसनी, दोन्ही सरकारी खर्चानं. माझ्याकडं निदान बिल माझं मी भरतो आणि कळी आठवडाभर लांबली तर कोणाच्या नोकरीवर येत नाही.

गोरेगाव म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, फिल्मसिटीजवळ का? ते नव्हे, असं सांगत आयुष्य गेलं. रायगडात एक गोरेगाव आहे, गोंदियाकडं एक आहे, आणि मुंबईचं तर सगळ्यांना पुरून उरतं. पण या एका बाबतीत मुंबईच्या गोरेगावानं आमच्यापुढं हात टेकावेत. तिथं हे फूल बल्ब लावूनही रमणार नाही, कारण समुद्र रात्रीची ऊब जाऊ देत नाही आणि बेगोनियाला दिवसापेक्षा रात्र थंड लागते. पठारावर सूर्य बुडाला की तासाभरात अंगावर काही घ्यावंसं वाटतं, ती आमची श्रीमंती.

तरी मुंबईच्या गोरेगावाकडं एक गोष्ट आहे जी आमच्याकडं नाही. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या बाजूच्या ओल्या खडकांवर, पावसाळ्यात रानचं बेगोनिया उगवतं. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या कातळांवर, शेवाळलेल्या भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर ते तुम्ही पाहिलं असेल आणि नाव न विचारता पुढं गेला असाल. वीतभर उंची, एका बाजूला झुकलेली दातेरी पानं, बारीक गुलाबी फुलं आणि मधे पिवळा ठिपका. ड्रायँडर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९१ साली त्याला बेगोनिया क्रेनाटा हे नाव दिलं. त्यालाही कंद असतो. पाऊस संपला, कातळ तापला की पानं जातात आणि चिरेत, मूठभर मातीत, तो गोटीएवढा कंद आठ महिने गप्प पडून राहतो. मे महिन्यात त्या कातळावर पाय ठेवला तर चटका बसतो, आणि खाली हा जिवंत असतो. माझ्या ओसरीतल्या थोराड पाहुण्यांपेक्षा मला या फाटक्या नातेवाइकाचं कौतुक जास्त. पण तो कुंडीत येत नाही, आणि आणूही नये.

माझे कंद डोंगराळ भागातल्या रोपवाटिकेतून टपालानं आले. खोकं उघडलं तेव्हा लाकडाच्या भुशात तपकिरी, चपटे, खालून केसाळ आणि वरून खोलगट असे गड्डे होते. मायनं एक हातात घेतला, उलटापालटा केला, नखानं जरा टोकरला आणि म्हणाली, “सुरणाचं पिल्लू दिसायलंय.” मग खोलगट बाजूला बोट फिरवलं, तिथं टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी डोळे होते. “ही वरची बाजू. इकडून मोड येईल.” पुस्तकात चित्र काढून जे शिकवावं लागतं, ते तिला हळदीनं शिकवून ठेवलेलं. आमच्या भागात जेठा गड्डा, बगल गड्डा, हळकुंड यांतला फरक बायांना अंधारात हातानं कळतो. बेणं जिवंत आहे की आतून कुजलं, हे त्या वासावरून सांगतात.

खोलगट बाजू वर ठेवायची, पण त्या खळगीत पाणी साचू द्यायचं नाही, नाही तर कोंबाच्या आधी कूज येते. म्हणून लावताना कंदाचा माथा मातीच्या वर उघडा राहील इतपतच तो दाबायचा आणि पाणी कडेनं द्यायचं. आमची काळी माती इथं मुळीच कामाची नाही. कापसाला, हरभऱ्याला ती आई आहे, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि सुकली की दगड. मी चाळलेलं पानांचं खत, नदीची जाड वाळू, थोडा नारळाचा भुसा आणि मूठभर गांडूळखत असं मिसळतो. कुंडी मात्र मातीचीच घ्यायची. प्लास्टिकची हलकी, स्वस्त, सगळं खरं. पण मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते आणि त्यानं मुळं थंड राहतात. माठातलं पाणी ज्या कारणानं गार, त्याच कारणानं. दुपारी ऊन फिरून ओसरीच्या कडेला आलं की ओलं गोणपाट बांधतो. ऑक्टोबरची उष्णता अजून गेलेली नसते तेव्हा या गोणपाटाचाच आधार.

कोंब आला की झाड पाहण्यासारखं होतं. देठ इतका पाणीदार की उजेडात धरला तर आरपार दिसतो, आणि तितकाच ठिसूळ. मांजर घासून गेलं तरी फांदी हातात. काठीचा आधार कंद लावतानाच द्यायचा, नंतर काठी खुपसायला गेलात तर कंदातूनच घालाल. आणि काठी कोणत्या बाजूला? पानांचं टोक जिकडं, फूल तिकडंच तोंड करतं. सगळी फुलं एकाच दिशेला बघतात, त्यामुळं या झाडाला समोर आणि पाठ असते. काठी पाठीला. भिंतीकडं तोंड करून कुंडी ठेवलीत तर हिवाळाभर भिंतीलाच शोभा. पान मधोमध कापलं तर दोन भाग सारखे निघत नाहीत, एक गाल नेहमी मोठा. चावून पाहिलं तर आंबट. अंबाडीच्या भाजीवर वाढलेल्या जिभेला ती चव परकी वाटत नाही, पण तो आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा, भाजी करून खाण्यातला नव्हे.

डिसेंबरात धुई पडली की पानांवर भुरी येते. पांढरी भुकटी उडवल्यासारखी. इथं भुरीला कोणी घाबरत नाही, वाटाण्यावर, द्राक्षावर, भोपळ्यावर ती सगळ्यांनी पाहिलेली. गंधकाची फवारणी करून मोकळं व्हायचं, तीही कळ्या रंगायच्या आत. मी त्यापेक्षा कुंड्या लांब लांब ठेवतो. हवा खेळली की अर्धी भुरी आपोआप कमी.

उसन्या दिवसाचा पहिला फटका बसला तो शेवंतीला. ओसरीच्या पायरीशी मायची शेवंती आहे, पिवळी, बारीक, दिवाळीनंतर जी फुलते ती. शेवंतीचा हिशेब बेगोनियाच्या उलटा. तिला लांब रात्र लागते, रात्र लांबली की ती कळी धरते. बल्बचा उजेड पायरीवर जिथवर पडत होता, तिथवरची शेवंती पाल्यावरच राहिली. सावलीतली फुलून पिवळीधमक. एकाच रोपाच्या दोन फांद्या दोन ऋतूंत. मायनं ते पाहिलं आणि काही न बोलता बल्बच्या एका बाजूला जुनं पत्र्याचं झाकण बांधलं. आठवड्याभरात नव्हे, पण महिन्याभरात तिकडच्या फांद्यांनाही कळ्या आल्या. शेवंतीच्या शेतात फूल लांबवायचं असलं की लोक असेच दिवे लावतात, आणि नाताळाच्या बाजारासाठी तर देशोदेशी हा धंदाच आहे. तिला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. उजेड आडवा येतोय एवढं दिसलं आणि तिनं आडवा पत्रा लावला.

लाईट जाते, हा प्रश्न कोणीही विचारेल. जाते. शेतीची लाईट तर दिवसाआड रात्रपाळीला, गावातली अधूनमधून. एखाद-दुसरी रात्र हुकली तर झाड मनावर घेत नाही. सलग आठवडाभर अंधार मिळाला तर मात्र ते निरोपाची तयारी करायला लागतं.

नाताळाच्या सुमारास कळ्या येतात, तीन-तीनच्या घोसात. मधली मोठी, कडेला दोन लहान. मधल्या कळीतून निघतं ते भरगच्च फूल नर, आणि दोन्ही बाजूंची साधी, विरळ पाकळ्यांची फुलं मादी. मादी ओळखायची ती पाठीमागून: पाकळ्यांच्या खाली तिला तीन पंखांचा फिकट हिरवा बीजकोश असतो. रानातल्या बेगोनियात मादीकडं माशीला द्यायला मधही नसतो आणि परागही नसतो. ती आपली पिवळी, पीळदार कुक्षी पुंकेसरांसारखी पुढं करते आणि माशी फसते. बागेतल्या भरगच्च नराची गोष्ट आणखी गमतीची. त्याचे पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले, त्यामुळं एवढा थाट असून पदरात पराग जवळजवळ नाही. दीडशे वर्षं माणसानं निवड करकरून जे मोठेपण आणलं, ते नराला बिनकामाचं करून आणलं.

प्रदर्शनात मांडणारे बागवान सांगतात की बाजूच्या मादीकळ्या लहान असतानाच खुडा, म्हणजे सगळा जोर मधल्या नराला मिळतो. मी खुडत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या काकू वाटीभर साखर न्यायला आल्या होत्या.

“चांगल्या कळ्या काहून खुडायलात हो?”

मी सांगितलं. मादी म्हणजे काय, नर म्हणजे काय, सगळं.

“म्हंजे लेकी खुडायच्या अन्‌ पोरगा मिरवायचा. फुलायतबी तेच का?”

त्या हसत म्हणाल्या, साखर घेऊन गेल्या. मराठवाड्यात हे वाक्य हसत म्हटलं तरी हलकं होत नाही. आता मी काही कुंड्यांवर खुडतो, काहींवर नाही. फरक पडतो का? पडतो, नर नखभर मोठा होतो. पण मादी ठेवलेल्या घोसाला जी डौलदार मोकळीक असते, ती मला जास्त आवडू लागली आहे, आणि यात तत्त्व किती आणि डोळ्याची सवय किती, हे मी ठरवायला बसलेलो नाही.

फूल उमलायला वेळ घेतं. पहिल्या दिवशी कळीच्या फटीतून रंग दिसतो, मग बाहेरची पाकळी मागं पडते, मग तिच्या आतली. मधलं चक्र पूर्ण उघडायला आठवडा जातो. तोवर बाहेरच्या पाकळ्या जुन्या व्हायला नकोत म्हणून झाडानं त्यांना जाड केलंय, हात लावला तर थंड आणि किंचित ओलसर लागतात. शेंदरी फुलाच्या अगदी आतल्या, अजून न सुटलेल्या पाकळ्या पिवळसर असतात आणि उघडता उघडता शेंदरी होत जातात. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात ते बघायला मी रोज खुर्ची टाकून बसतो. त्या वेळी फोन घेत नाही.

आणि जमतं ते नेमकं संक्रांतीला. हळदीकुंकवाला बाया येतात, तेव्हा ओसरी भरलेली असते. या फुलाचा देठ आखूड आणि लुळा, गजऱ्यात जात नाही, फुलदाणीत उभं राहत नाही. म्हणून मायनं पितळी परातीत पाणी घेऊन त्यावर दोन-तीन फुलं सोडली. बाया वाण घेता घेता परातीशी थांबायच्या. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, “पलास्टिकचं हाय का?” दुसरा, “वास कामून नाही?” एकीनं खरं-खोटं करायला पाकळीत नख रोवलं, आणि पाणी सुटलं तशी “मायबाई, जित्तं हाय!” म्हणून बोट पदराला पुसलं. इतकं सुंदर असूनही ते फूल त्यांना थोडं संशयास्पदच वाटत राहिलं. मोगरा, शेवंती, झेंडू यांच्याशी आपला व्यवहार असतो: केसात माळायचं, देवाला वाहायचं, तोरणाला बांधायचं, बाजारात किलोवर विकायचं. याच्याशी कोणताच व्यवहार नाही. नुसतं बघायचं फूल ही आमच्या गावात नवी गोष्ट आहे, आणि नुसतं बघण्यासाठी लाईट बिल भरायचं ही त्याहून नवी.

बेल्जियममध्येही सुरुवातीला व्यवहार फुलाशी नव्हताच. गेंटच्या आसपास, लोखरिस्टीकडं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बेगोनियाची शेतंच्या शेतं लावली गेली ती कंद विकण्यासाठी. फुलं त्या शेतीतला वरकड माल. त्या वरकड मालातून ब्रुसेल्सच्या मुख्य चौकात १९७१ साली पहिला फुलांचा गालिचा अंथरला गेला, आणि १९८६पासून तो दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये होऊ लागला. लाखो फुलं, बहुतेक बेगोनिया, मातीशिवाय दगडी फरशीवर शेजारीशेजारी लावलेली. जाड पाकळीचा गुण तिथं उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातल्या कॅपिटोला गावातही तेच. कंदाच्या शेतातली फुलं फुकट जातात म्हणून १९५०च्या दशकापासून लोक त्यांनी तराफे सजवून ओढ्यात सोडायचे. २०१७ साली तो सोहळा थांबला.

आम्हाला हे ओळखीचं आहे. कंद ज्याचं पीक, त्याला फूल दिसत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोली जिल्हा हळदीनं ओळखला जातो, भाव पडला-चढला की घराघरात चर्चा होते. पण हळदीला फूल येतं हे शहरातल्या किती जणांनी पाहिलंय? भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या सुमारास, पानांच्या मधोमध फिकट हिरवं-पांढरं कणीस वर येतं, टोकाला गुलाबी झाक, आणि त्याच्या खोबणीखोबणीत पिवळी फुलं. वाकून पानं बाजूला केली तरच दिसतं. शेतकरी खुरपता खुरपता बघतो आणि पुढं जातो, त्याचं लक्ष मातीखाली. मी त्यातलं एखादं कणीस घरी आणतो आणि बेगोनियाच्या रिकाम्या कुंडीशेजारी तांब्यात ठेवतो. खरं सांगायचं तर देखणेपणात ते माझ्या पाहुण्याला हार जात नाही, फक्त त्याचं कौतुक करायला कोणी गालिचा अंथरलेला नाही.

महाशिवरात्र जवळ आली की मी बल्ब बंद करतो. तोवर दुपार पस्तिशीला टेकलेली असते, कळ्या गळायला लागतात. उसना दिवस परत केला की झाडाला खरी रात्र मिळते आणि त्याला कळतं काय करायचं. पाणी कमी कमी करायचं. पानं कडेनं पिवळी पडतात, देठ सांध्यांतून आपोआप सुटतात, ओढून तोडायचे नाहीत. मग कुंडी उपडी करून कंद काढायचा, माती झाडायची, सावलीत वाळवायचा. गेल्या वर्षीपेक्षा तो थोडा रुंद झालेला असतो. याच दिवसांत शिवारात हळद निघत असते, बॉयलरच्या वाफेचा वास गावभर, अंगणात शिजलेली हळद पसरलेली, आणि माझे चार-दोन गड्डे त्या पिवळ्या पसाऱ्याच्या कडेला. खरं तर त्यांना उन्हाळाभर आठ-दहा अंशांचा गारवा हवा. तो आमच्याकडं फक्त फ्रिजमध्ये आहे आणि फ्रिजवर मायची सत्ता आहे. म्हणून कोरड्या वाळूत घालून, घरातल्या सगळ्यांत थंड कोनाड्यात, रांजणाच्या मागं. काही टिकतात, काही सुकून हलके होतात. टिकणारे दसऱ्याला डोळे उघडतात.

यंदा हळद काढायच्या कामावरून परतताना एक मावशी पाणी प्यायला टेकल्या. संक्रांतीला त्यांनी फूल पाहिलं होतं. गड्डे दिसले तशा म्हणाल्या, “याचं बेणं द्या की एखादं.”

“घ्या. पण हळदीसारखं नाही हे.”

“एकाचे किती होतेत?”

“एकाचा एकच. तोच दरसाल मोठा होतो.”

मावशींनी कंद परत वाळूवर ठेवला. “एकाचा एकच? मंग ते बेणं कसलं?”

मी फांदीचं सांगायला लागलो, कोवळा फुटवा लावला तर त्यालाही पुढं कंद धरतो, फक्त बल्बचं तेवढं सांभाळावं लागतं. बल्ब म्हटल्यावर त्यांनी आढ्याकडं पाहिलं. होल्डर, वायर, बल्ब, सगळं अजून तसंच लोंबत होतं.

“तो आता रिकामाच हाय ना?”

“आहे.”

“मंग तोच द्या. गोठ्यात म्हैस याला झालीय, रातचं दिसत नाही. दसऱ्याला आणून देते.”

मायनं स्टूल आणलं.